छायाखंभ ते छायाचित्र : पवनीचे अवशेष आणि प्रकाशाची साक्ष

भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे एक प्राचीन स्मृतिस्तंभ सापडला आहे. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या स्मरणार्थ तो उभारला गेला. त्यावरील ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखात या स्तंभाला ‘छायाखंभ’ म्हटले आहे. आंध्र प्रदेशातील नागार्जुनकोंडा येथेही राजे, सेनानी आणि कारागीर यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्तंभांना हेच नाव दिलेले आढळते. मृत व्यक्तीची छाया, म्हणजे तिची प्रतिमा वा स्मृती, धारण करणारा खांब तो छायाखंभ. पुढे सुमारे सतरा-अठरा शतकांनी जेव्हा प्रकाशाच्या साह्याने प्रतिमा उमटविण्याची विद्या आपल्याकडे आली तेव्हा मराठीने तिच्यासाठी ‘छायाचित्र’ हा शब्द स्वीकारला. या दोन शब्दांत जो ‘छाया’ हा समान अंश आहे तो केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. जे नाहीसे होणार आहे त्याची प्रतिमा मागे राहावी, ही दोन्हींमागील प्रेरणा एकच आहे.

प्रस्तुत लेखात आम्ही बौद्ध अवशेषांच्या शोधाचा इतिहास एका वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. स्तूप, लेणी व शिलालेख यांचा शोध कोणी लावला, हे आपण वारंवार वाचतो. परंतु हे अवशेष कोणत्या प्रकाशात पाहिले गेले, प्रवास करणाऱ्या छायाचित्रकाराने दिवसाची कोणती वेळ निवडली आणि त्यामुळे काय दिसले व काय दिसावयाचे राहिले, याचा विचार क्वचितच होतो. आमच्या मते छायाचित्र हे पुरातत्त्वाच्या ग्रंथाची सजावट नसून स्वतंत्र पुरावा आहे. आणि हा पुरावा प्रकाशावर अवलंबून आहे. पवनीच्या संदर्भात तर ही गोष्ट आज विशेष महत्त्वाची झाली आहे.

पवनीची भूमी

पवनी हे वैनगंगेच्या उजव्या तीरावरील जुने नगर आहे. नगराच्या तीन बाजूंना मातीचा प्रचंड तट व त्याबाहेर खंदक असून चौथ्या बाजूचे रक्षण नदीच करते. जगन्नाथ टेकडी, चांडकापूरची सुलेमान टेकडी आणि हरदोलाला टेकडी ही येथील प्राचीन स्थळे अभ्यासकांस परिचित आहेत. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी संयुक्तपणे येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि श्री. ज. प्र. जोशी यांनी लिहिलेला त्याचा अहवाल १९७२ मध्ये नागपूर विद्यापीठाने प्रसिद्ध केला. या उत्खननात जगन्नाथ टेकडीच्या पोटातून एक भव्य स्तूप उजेडात आला. सांचीच्या मोठ्या स्तूपाशी ज्याची तुलना करावी असा त्याचा विस्तार आहे. स्तूपाभोवतीच्या वेदिकेचे कोरीव व लेखयुक्त स्तंभही मिळाले.

या स्तंभांवरील लेख लहान आहेत, पण त्यांचे मोल फार मोठे आहे. त्यांत राजांच्या विजयांच्या कथा नाहीत. साध्या माणसांनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. त्यांपैकी एका लेखात दानाबरोबर सर्व सत्त्वांच्या सुखाची कामना व्यक्त केली आहे. आपले दान स्वतःपुरते वा कुळापुरते न ठेवता सर्व प्राणिमात्रांच्या सुखाला अर्पण करणारे मन दोन सहस्र वर्षांपूर्वी वैनगंगेच्या तीरावर नांदत होते, ही गोष्ट त्या चार-दोन शब्दांवरून आपणांस कळते. मात्र हे शब्द दगडावर फार खोल कोरलेले नाहीत. भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, असा लेख समोर असूनही डोळ्यांना दिसत नाही. तोच दगड सकाळच्या वा सायंकाळच्या तिरप्या उन्हात पाहावा, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या एका कडेला सावली धरते आणि लेख बोलू लागतो.

बुद्धछायेची परंपरा

प्रकाश व छाया यांचा विचार बौद्ध परंपरेला नवा नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेला चिनी भिक्खू फाहियान याने नगरहार, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील जलालाबाद परिसरातील एका गुहेचे वर्णन केले आहे. त्या गुहेत तथागतांची छाया दिसते अशी श्रद्धा होती. फाहियान सांगतो की दहा-बारा पावलांवरून पाहिले असता ती छाया स्पष्ट दिसते, मात्र जवळ जावे तसतशी ती पुसट होत जाते. अनेक राजांनी कुशल चित्रकार पाठविले, पण कोणालाही तिची नक्कल करता आली नाही. सातव्या शतकात ह्युएन त्संग यानेही त्या गुहेस भेट दिली. त्यालाही ती छाया प्रथम दिसली नव्हती.

या वर्णनातील चमत्काराचा भाग आम्ही बाजूला ठेवतो. बुद्धिवादी वाचकाला त्यातून एक निरीक्षण मात्र निश्चित मिळते. अंधाऱ्या गुहेतील खडकाच्या पृष्ठभागावर बाहेरून येणारा प्रकाश विशिष्ट कोनातून पडला म्हणजे पाहणाऱ्याला एका ठिकाणाहून आकृती भासते आणि दुसऱ्या ठिकाणाहून ती नाहीशी होते. पाहणाऱ्याचे स्थान, प्रकाशाची दिशा आणि पृष्ठभाग या तिहींच्या संयोगातून प्रतिमा निर्माण होते. प्रतीत्यसमुत्पादाची शिकवण ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. प्रतिमा स्वयंभू नसते. ती हेतू व प्रत्यय यांवर अवलंबून असते.

आपल्या लेणी-कारागिरांना हे तत्त्व प्रत्यक्ष व्यवहारात अवगत होते. कार्ले येथील चैत्यगृह पश्चिमाभिमुख आहे. त्याच्या दर्शनी भागावरील प्रचंड चैत्यगवाक्षातून उतरत्या दुपारचा प्रकाश आत शिरतो, सभागृहाच्या दोन्ही बाजूंच्या स्तंभांना अर्धवट उजळतो आणि टोकाच्या स्तूपाकडे दृष्टी नेतो. ज्यांनी डोंगर फोडून हे चैत्यगृह घडविले त्यांनी दगडाबरोबर प्रकाशालाही आकार दिला होता. छायाचित्रणकला जन्माला येण्यापूर्वी अनेक शतके हा प्रयोग सह्याद्रीत यशस्वी झालेला होता.

कॅमेऱ्यासह आलेले प्रवासी

१८३९ मध्ये युरोपात छायाचित्रणाच्या पद्धती जाहीर झाल्या. १८५४ मध्ये मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यकारी मंडळावर होते आणि स्वतः निष्णात छायाचित्रकार होते. स्वतः भाऊ दाजींनी अजिंठ्यासह अनेक लेण्यांतील लेखांचे वाचन केले. म्हणजे ही विद्या आपल्या देशात केवळ साहेबांच्या हाती राहिली नव्हती. आरंभापासून मराठी माणसेही तिच्यात होती.

त्या काळी प्रवासात छायाचित्र घेणे म्हणजे मोठे दिव्य होते. काचेच्या पट्टीवर कलोडियनचा थर देऊन ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावी लागे. पट्टी ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि सुकण्यापूर्वी लगेच धुवावयाचे. त्यामुळे छायाचित्रकाराला आपली अंधारखोली तंबूच्या रूपाने बैलगाडीवर घालून बरोबर न्यावी लागे. काचा, औषधे आणि स्वच्छ पाणी यांचा भार निराळाच. शिवाय या पट्टीला निळा प्रकाश फार लवकर समजे, तर लाल व पिवळा जवळजवळ समजतच नसे. परिणामी आकाश पांढरे फटक आणि तांबूस दगड काळवंडलेला उमटे. ज्या छायाचित्रांना आपण आज जुने व उदास म्हणतो त्यांची उदासी दगडाची नव्हती, रसायनाची होती.

मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांना अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती काढण्यासाठी नेमले गेले. १८४०च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी तैलरंगात मोठमोठी चित्रे रंगविली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्यांच्या बहुतेक प्रतिकृती डिसेंबर १८६६ मधील आगीत भस्मसात झाल्या. परंतु याच गिल यांनी पुढे कॅमेरा हाती घेतला होता. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने घेतलेली त्यांची जोडचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या लेखनासह १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. विशिष्ट उपकरणातून ही जोडी पाहिली म्हणजे लेण्यांची खोली डोळ्यांसमोर उभी राहते. दोन दशकांच्या कष्टांतील रंगीत कापड जळून गेले, तर प्रकाशाने उमटविलेले चित्र छापील प्रतींच्या रूपाने टिकले. अनित्यतेच्या या धड्याला दुसरी बाजूही आहे : ज्याच्या अनेक प्रती होतात त्याच्या नाशाची भीती कमी होते.

जेम्स वॉटरहाऊस या अधिकाऱ्याने १८६२ मध्ये सांचीच्या स्तूपाची छायाचित्रे घेतली. त्या वेळी स्तूपाची तोरणे अंशतः कोसळलेली होती. पुढे झालेल्या जीर्णोद्धारापूर्वीची स्थिती समजण्यास ती छायाचित्रेच आधार आहेत. याच वॉटरहाऊस यांनी १८७५ मध्ये इओसिन हा रंग मिसळल्यास पट्टीला हिरवा-पिवळा प्रकाशही समजू लागतो, असे दाखवून दिले. पट्टीची दृष्टी विस्तारण्याच्या कार्यात सांचीच्या या छायाचित्रकाराचा वाटा आहे.

या सर्वांत पवनीच्या अभ्यासकाला सर्वांत जवळचे उदाहरण भरहुतचे होय. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी नोव्हेंबर १८७३ मध्ये भरहुतचा स्तूप प्रथम पाहिला आणि पुढील वर्षी उत्खनन केले. त्यांचे सहकारी जोसेफ डेव्हिड बेग्लर हे अभियंते व छायाचित्रकार होते. १८७३-७४ च्या सुमारास त्यांनी मध्य प्रांताचाही दौरा केला होता. भरहुतची छायाचित्रे बेग्लर यांनी घेतली. स्तूपाच्या विटा व दगड आसपासच्या गावांतील घरांसाठी आधीच वाहून नेले गेले होते. उरलेली वेदिका व तोरण कलकत्त्याच्या संग्रहालयात हलविण्यात आले. १८७९ मध्ये कनिंगहॅम यांचा भरहुतवरील ग्रंथ या छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला. शिल्पांवरील नामलेखांमुळे अनेक जातककथा निश्चितपणे ओळखता आल्या, आणि हे वाचन जगभरच्या विद्वानांना आपापल्या जागी बसून तपासता आले ते छायाचित्रांमुळे. मूळ दगड एका शहरात होते. त्यांची साक्ष मात्र सर्वत्र पोहोचली.

तिरप्या प्रकाशाची विद्या

विसाव्या शतकात या विद्येत एक महत्त्वाची भर पडली. इंग्लंडमधील ओ. जी. एस. क्रॉफर्ड आणि अलेक्झांडर कीलर यांनी विमानातून घेतलेल्या छायाचित्रांचा ग्रंथ १९२८ मध्ये प्रसिद्ध केला. शेतात फिरताना ज्या तटांची व खंदकांची जाणीवही होत नाही, तेच सूर्य क्षितिजाजवळ असताना उंचावरून पाहिले असता सावल्यांच्या रेषांनी स्पष्ट होतात, हे क्रॉफर्ड यांनी दाखविले. जमिनीतील हातभर चढ-उतारसुद्धा तिरप्या उन्हात लांब सावली टाकतो. दुपारच्या उन्हात ती सावली नाहीशी होते आणि तिच्याबरोबर इतिहासही.

पवनीचा मातीचा तट व खंदक पाहणाऱ्याने हे तत्त्व ध्यानात ठेवले पाहिजे. झाडेझुडपे, घरे व शेती यांनी वेढलेला हा तट दुपारी एखाद्या साध्या टेकाडासारखा दिसतो. हिवाळ्यातील सकाळी, सूर्य खाली असताना, त्याचा उतार, त्याची वळणे व खंदकाची खोली एकदम डोळ्यांत भरते. पावसाळ्यानंतर खंदकाच्या सखल भागात ओल अधिक काळ टिकते व तेथील हिरवळीचा रंग निराळा दिसतो. भूप्रदेशाचे छायाचित्र घेताना ऋतू व प्रहर यांची निवड करणे हा अशा रीतीने कलेचा प्रयोग आहेच, पण तो संशोधनाचाही प्रयोग आहे. सुंदर चित्र आणि सत्य चित्र येथे एकमेकांच्या विरोधात नसतात.

शिलालेखांच्या बाबतीत तर प्रकाशाची दिशा हाच अर्धा अर्थ असतो. प्रकाश समोरून पडला तर झिजलेली अक्षरे बुजतात. तो उजवीकडून पडला तर उभ्या रेषा ठळक होतात, वरून पडला तर आडव्या. म्हणून एकाच लेखाची निरनिराळ्या दिशांनी प्रकाश टाकून अनेक छायाचित्रे घ्यावी लागतात. २००१ मध्ये टॉम मॅल्झबेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक छायाचित्रांना संगणकाद्वारे एकत्र करून प्रकाशाची दिशा हवी तशी बदलून पाहण्याची पद्धत मांडली. आज ती जगभर शिलालेख व नाणी यांच्या वाचनासाठी वापरली जाते. मात्र तिचा मूळ विचार जुनाच आहे. दिवा हाती घेऊन भिंतीवरील अक्षरे तिरप्या उजेडात वाचणाऱ्या कोणत्याही अभ्यासकाला तो ठाऊक होता.

मुचलिंद नाग आणि नागपूरची भूमी

पवनीच्या वेदिकास्तंभांवरील शिल्पांत मुचलिंद नागाचे शिल्प विशेष उल्लेखनीय आहे आणि त्यावर नागाचे नावही कोरलेले आहे. संबोधीनंतरच्या दिवसांत अवेळी वादळ-पाऊस झाला असता मुचलिंदाने आपल्या फणांचे छत्र धरून तथागतांचे रक्षण केले, ही कथा सर्वपरिचित आहे. पवनीच्या शिल्पात भगवंतांची मानवी प्रतिमा नाही. प्राचीन प्रथेप्रमाणे रिकामे आसन त्यांचे अस्तित्व सुचविते आणि त्यामागे नागाच्या फणा उभारलेल्या आहेत. जे प्रत्यक्ष कोरलेले नाही तेच येथे केंद्रस्थानी आहे.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे केलेल्या भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी नागपूरची निवड का केली याचे कारण सांगताना बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचा निर्देश केला होता. त्यांच्या दृष्टीने नाग हे सर्प नसून माणसांचा समाज होता. या भाषणापूर्वी अवघ्या दोन वर्षांपूर्वी, १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत, त्यांनी भंडारा मतदारसंघातून निवडणूक लढविली होती. त्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. ज्या भूमीत त्यांना मतपेटीने नाकारले त्याच भूमीच्या पोटात बौद्ध स्तूप होता, आणि नागाने रक्षिलेल्या संबोधीचे शिल्प होते. ते त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर तेरा वर्षांनी विद्वानांच्या कुदळीखाली आले. एका शिल्पावरून संपूर्ण सिद्धांत सिद्ध होतो असा दावा आम्ही करणार नाही. तसे करणे संशोधनाच्या शिस्तीला धरून होणार नाही. परंतु नाग व बौद्ध धम्म यांचा संबंध विदर्भाच्या मातीत दगडावर कोरलेला आहे, ही गोष्ट आता नाकारता येत नाही.

बदललेले दृश्य

पवनीच्या भूप्रदेशावर गेल्या काही दशकांत मोठे परिवर्तन झाले आहे. पवनी तालुक्यातच वैनगंगेवर गोसीखुर्द धरण उभे राहिले. १९८८ मध्ये त्याची पायाभरणी झाली. धरणाच्या फुगवट्याने नदीचे पात्र वरच्या बाजूस दूरवर पसरले, अनेक गावांचे पुनर्वसन करावे लागले आणि नदीकाठाचे जुने रूप पाण्याखाली गेले. धरणाच्या लाभ-हानीची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. प्रश्न एवढाच आहे की प्राचीन नगर ज्या नदीच्या आधाराने वसले, ज्या उतारांवरून व्यापारी व भिक्खू ये-जा करीत, त्या नदीचे जुने वळण आज कोठे पाहावयाचे? उत्तर एकच : नकाशांत आणि जुन्या छायाचित्रांत. एखाद्या कुटुंबाने घाटावर काढलेले जुने छायाचित्र, एखाद्या शाळेच्या सहलीचे चित्र, त्यात मागे सहज आलेला नदीकाठ, हे सर्व आज इतिहासाचे साधन झाले आहे.

पवनीजवळच रुयाड (सिंदपुरी) येथे नव्या काळातील महासमाधीभूमी महास्तूप उभा आहे. तेथे येणारे असंख्य उपासक-उपासिका त्याचे छायाचित्र घेतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यांपैकी किती जण जगन्नाथ टेकडीवर जातात? नव्या स्तूपाची शुभ्रता दुपारीही डोळ्यांत भरते; जुन्या स्तूपाला मात्र पाहणाऱ्याने वेळ द्यावा लागतो. जो अवशेष उघड दिसत नाही तो हलके हलके नष्ट झाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. भरहुतच्या विटा अशाच गेल्या होत्या.

आमचे कर्तव्य

आज प्रत्येक तरुणाच्या हातातील भ्रमणध्वनीत कॅमेरा आहे. बेग्लर यांना बैलगाडीवरून जे न्यावे लागे ते आता खिशात मावते. म्हणून आम्ही आमच्या वाचकांस, विशेषतः भंडारा व नागपूर परिसरातील विद्यार्थ्यांस, काही सूचना करू इच्छितो. अवशेषाचे छायाचित्र सकाळी व सायंकाळी, अशा दोन्ही वेळी घ्यावे. प्रत्येक चित्राबरोबर दिनांक, वेळ, स्थान आणि आपण कोणत्या दिशेला तोंड करून उभे होतो याची नोंद ठेवावी. मोजमाप कळावे म्हणून दगडाशेजारी मोजपट्टी ठेवावी. अक्षरे ठळक दिसावीत म्हणून त्यांत खडू, शेंदूर वा तेल भरू नये. त्याने दगडाची हानी होते, आणि आपण जे वाचले तेच पुढच्या वाचकावर लादले जाते. रंगीत भित्तिचित्रांवर क्षणदीपाचा झोत टाकू नये. अजिंठ्यात त्यास मनाई आहे ती योग्यच आहे. कॅमेरा स्थिर ठेवून मंद नैसर्गिक प्रकाशाला पुरेसा अवकाश द्यावा. बिनॉय बहल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी अजिंठ्याची भित्तिचित्रे अशाच मंद प्रकाशात टिपली आणि अंधारात हरवलेले रंग जगासमोर आणले.

याहून महत्त्वाचे म्हणजे घराघरांतील जुनी छायाचित्रे जपावीत. त्यांच्या मागे स्थळ व वर्ष लिहावे. गावोगावच्या विहारांनी अशा चित्रांच्या प्रती करून एकत्र ठेवाव्यात. उत्खननाचा अहवाल विद्वान लिहितात. मात्र भूमीचा बदलता चेहरा तेथे राहणाऱ्या लोकांनीच नोंदवावयाचा असतो. ज्या समाजाचा इतिहास शतकानुशतके इतरांनी लिहिला, किंवा लिहिलाच नाही, त्या समाजाला आपला पुरावा आपण सांभाळण्यावाचून गत्यंतर नाही.

पवनीच्या वेदिकेवर आपले दान नोंदविणाऱ्या उपासकांजवळ दगड होता व छिन्नी होती. त्यांनी सर्व सत्त्वांच्या सुखाची कामना दगडावर कोरून ठेवली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. आपल्याजवळ प्रकाश आहे. जगन्नाथ टेकडीवर, तटाच्या उतारावर आणि वैनगंगेच्या नव्या काठावर तो रोज सकाळ-संध्याकाळ तिरपा पडतो. त्या वेळी तेथे उपस्थित राहणे आणि जे दिसेल ते प्रामाणिकपणे नोंदवून ठेवणे, एवढे आपल्या हाती आहे.